पुठ्ठ्याच्या दारावरची टकटक

गुंडेटीबाईंची शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली, तेव्हा व्यासपीठावर त्यांच्या तसबिरीशेजारी आणखी एक तसबीर ठेवलेली होती, आणि ती बाईंच्या तसबिरीहून मोठी होती. जुने पुठ्ठे, खोकी, सुताचे रिकामे कागदी कोन आणि बाटल्यांची झाकणे यांतून मुलांनी उभारलेल्या एका नगराचे ते छायाचित्र होते. ते ड्रोनने वरून घेतले होते, त्यामुळे त्यात केवळ छपरे दिसत होती. दोन्ही तसबिरींना सारखेच हार घातले होते. मुख्याध्यापकांनी बाईंच्या कार्याचा गौरव केला, "टाकाऊतून टिकाऊ हा मंत्र बाईंनी आपल्याला दिला" असे सांगितले आणि दोन मिनिटे सर्वांना उभे केले. उभा असताना मी सभागृहात एका मुलीला शोधत होतो. ती आलेली नव्हती.

मलाही चार शब्द बोलण्याची विनंती झाली. प्रकृतीचे निमित्त सांगून मी बसून राहिलो. जे बोलायचे होते ते त्या सभागृहात, त्या तसबिरीसमोर बोलण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे लिहीत आहे.

अनसूया गुंडेटी आमच्या शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवीत. मी संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतरही स्तोत्रपठनाच्या वर्गासाठी आठवड्यातून एकदा माझे शाळेत जाणे होई, त्यामुळे बाई निवृत्त होईपर्यंत त्यांचा सहवास मला लाभला. बाई ठेंगण्या होत्या. भिंगे जाड, आवाज किंचित घोगरा, आणि बोटांच्या पेरांवर वाळलेल्या खळीचा पांढरा थर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरात त्या वाढल्या होत्या. माग चालणाऱ्या घरात सुताला द्यायची खळ शिजते, तशीच मैद्याची खळ त्या स्वतः शिजवीत आणि कीड लागू नये म्हणून तीत कडुलिंबाचा पाला उकळून घालीत. विकतचा डिंक त्यांनी वर्गात कधी येऊ दिला नाही. विकतचे काहीच येऊ दिले नाही. रस्त्याने जाताना त्यांच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असे, आणि दुकानासमोर फेकलेले एखादे खोके दिसले की त्या ते उचलून, झटकून, एखादे नाणे सापडावे तशा समाधानाने पिशवीत घालीत. यंत्रमागाच्या कारखान्यांतून सुताचे रिकामे कोन येत. त्यांची शिखरे होत, मिनार होत, गिरणीची चिमणीही होई. ज्या मुलांच्या आया घरी विड्या वळीत, ती मुले तेंदूच्या पानांची कातरण आणीत. बाई त्या कातरणीची कौले शाकारून घेत. पावसाळी हवेत त्या नगरातून तंबाखूचा मंद वास येई. मला तो सोसत नसे, पण मी कधी बोललो नाही.

त्यांच्या शिकवण्याचा क्रम ठरलेला होता. इमारत करायची तर आधी तिच्यापाशी जायचे, तिच्या भिंतीला पाठ लावायची, डोळे मिटायचे आणि ती थंड आहे की तापलेली, खडबडीत आहे की गुळगुळीत, हे पाठीने समजून घ्यायचे. किल्ल्याच्या तटाला, जुन्या गिरणीच्या कुंपणाला, दर्ग्याच्या ओट्याला, साऱ्यांना त्यांच्या मुलांच्या पाठी लागलेल्या आहेत. एकदा सात रस्ता चौकाजवळच्या एका जुन्या दगडी कचेरीच्या भिंतीशी पोरे अशी ओळीने डोळे मिटून उभी असताना तिथला रखवालदार धावत आला.

"ओ बाई, भिंत पडंल म्हणून धरून उभारल्यात का काय पोरं?"

"न्हाई हो," बाई म्हणाल्या, "भिंतीनं पोरं धरल्यात. तुम्ही बी टेका की जरा, सकाळपासून उभे आहात."

रखवालदार हसला आणि खरोखरच टेकला, असे मुले सांगत.

शाळेत परतल्यावर करायला घ्यायचे ते आधी दार. दार झाल्याशिवाय भिंत नाही. भिंतीत दार पाडायचे नसते, दाराभोवती भिंत उभी करायची असते, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. आणि इमारत कधी वरून पाहायची नाही. "वरून घार बघते आणि इंजिनियर बघतो," त्या म्हणत, "आपण माणसं. आपण रस्त्यावरनं बघायचं." म्हणून त्यांच्या वर्गातली मुले काम पाहताना पालथी पडलेली असत, गाल फरशीला टेकवून. बाईही, वय झाल्यावरसुद्धा, पदर खोचून फरशीवर आडव्या होत.

मग येई ती टकटक. काम पूर्ण झाले असे मुलाने सांगितले की बाई त्या खोक्यापुढे बसत, वाकवलेल्या बोटाने पुठ्ठ्याच्या दारावर हलकेच टकटक करीत आणि विचारीत, "कोण हाय आत?" घरात तेलुगू बोलणारे मूल असेल तर "लोपल एवरु?" अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे असेल तर "यार अदार ओळग?" आणि मुलाने खोक्यामागून उत्तर द्यायचे. आत जो राहतो त्याच्या आवाजात. "मी हाय, चादरी विणतोय." "मी नमाज पढतोय, नंतर या." "बाळ झोपलंय, हळू बोला." उत्तर आले तरच ते घर झाले. उत्तर नाही आले तर बाई गुण देत नसत, म्हणत, "अजून कोणी राहायला आलं न्हाई. येऊ दे, मग बोलव मला."

घर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल तरी तोच नियम. आधी टकटक, मग आतल्यांना सूचना: "हलवायचंय, धरून बसा." मग दोन्ही तळव्यांवर, बुडाला आधार देऊन उचलायचे. मूर्तीचे आसन हलवण्यापूर्वी देवतेची क्षमा मागण्याची आपली रीत आहे. बाईंना ती रीत कोणी शिकवली नव्हती आणि त्यांनी ती मुलांना कधी समजावूनही सांगितली नाही. केवळ करून घेतली.

थर्माकोलचे त्यांना वावडे होते. एका वर्षी प्रदर्शनाच्या वेळी एक पालक बाजारातून तयार थर्माकोलचा महाल घेऊन आले. वरती सोनेरी रंगाचा मुलामा, आत लुकलुकणारे दिवे. "बाई, आमच्या चिरंजीवांनी केलंय," असे म्हणून त्यांनी तो मधोमध ठेवला. बाई खाली बसल्या, टकटक केली, विचारले. चिरंजीव वडिलांकडे पाहू लागले.

"बोल की रे," वडील म्हणाले.

"काय बोलू?" मुलगा म्हणाला. "आत बॅटरी हाय."

बाई उठल्या. "बॅटरी प्रामाणिक हाय तुमची," त्या वडिलांना म्हणाल्या, "गुण तिला देते."

शिवणवर्ग बंद पडल्यावर वरच्या मजल्यावरची जी खोली रिकामी झाली, तीत ते नगर वर्षानुवर्षे वाढत गेले. नगराला नाव नव्हते. त्यात तळे होते, तळ्यातले देऊळ होते, किल्ला होता, मशीद, चर्च, विहार होता, मागांचे पत्र्याचे कारखाने होते, आणि यांच्यामधून मुलांची स्वतःची घरे होती. शाळा सोडून गेलेली मुले मोठी होऊन भेटायला येत, तेव्हा आधी आपापल्या दारावर टकटक करीत आणि मग बाईंना नमस्कार करीत. तो क्रम बाईंना आवडे.

त्या नगरात प्रज्ञाचे घर आले ते शेवटी.

प्रज्ञा सरवदे सहावीत होती. वडील मार्केट यार्डात हमाली करीत, आई चार घरची धुणीभांडी करी. नाल्याच्या काठी त्यांची एक खोली होती. रस्ता रुंद करण्यासाठी ती वस्ती पाडली गेली. अधिकारी आले होते, त्यांनी शहराबाहेर नवी जागा दिल्याचे सांगितले होते आणि ती त्यांनी खरोखर दिलीही. सिटी बस जेथून परत वळते त्याच्याही पुढे, एका माळावर. प्रज्ञा तेथून शाळेत येऊ लागली, पण बोलेनाशी झाली. वर्गात हजेरीला फक्त हात वर करी.

बाईंनी तिला काही विचारले नाही. औषधाच्या दुकानातून आणलेले एक खोके तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "दार कर."

तिने केले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले त्यांच्या पाडलेल्या खोलीचे दार हिरवे होते. हिने पुठ्ठ्याला हिरवा रंग दिला. दाराभोवती भिंती आल्या, तेंदूच्या कातरणीऐवजी चकचकीत कागदाचा पत्रा आला, बाहेर झाकणाचा रांजण आला. आत, फक्त दारातूनच दिसेल अशा जागी, जुन्या दिनदर्शिकेतून कापलेले नखाएवढे बुद्धाचे चित्र तिने चिकटवले. घर पूर्ण झाले. बाई खाली बसल्या, टकटक केली.

"कोण हाय आत?"

उत्तर आले नाही. बाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा टकटक केली, पुन्हा उठून गेल्या. असे कितीतरी दिवस चालले. एका दुपारी मी खोलीच्या दारात उभा होतो, आणि खोक्यामागून आवाज आला.

"मी हाय." मग थोड्या वेळाने, "आईबी हाय."

"जेवलीस का?" बाईंनी विचारले.

"भात हाय. तुमी या."

"आले," बाई म्हणाल्या. आणि तशाच बसून राहिल्या. मग खोक्यामागून पुन्हा प्रश्न आला, आणि तो विचारताना मुलीने आवाज इतका लहान केला होता की बाईंना अधिक वाकावे लागले.

"बाई, हितं जेसीबी येतंय का?"

"हितं न्हाई येत," बाई म्हणाल्या. "ही माझी जागा हाय. हितलं तुझं घर कोणी हलवत न्हाई."

हे शब्द बाईंनी सहज उच्चारले नव्हते. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "शास्त्रीसर, त्या पोरीच्या घराची घरभरणी करायची. तुम्ही पाहिजे."

मी म्हणालो, "बाई, पुठ्ठ्याच्या वास्तूला शांतीचे विधान माझ्या वाचनात नाही."

"माणसं राहतात त्या घराला हाय ना? मग वाजवून बघा."

मी धोतर सावरून खाली बसलो आणि टकटक केली. माझे बोट त्या दाराच्या मानाने फार मोठे होते.

"कोण हाय?" आतून विचारणा झाली. हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल हे मी धरलेच नव्हते.

"मी. शास्त्री."

"चपला काढून या," आतून सांगण्यात आले. सगळी मुले हसली. प्रज्ञाही हसली, आणि तिचे ते हसणे मी प्रथमच पाहिले.

शालेय पोषण आहाराच्या शेगडीवर बोळक्यात दूध तापवले. माझ्याकडे काम एवढेच होते की दूध उतू जाऊ द्यायचे. मंत्र म्हणू का, असे मी विचारले तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "आमच्यात वंदना घेत्यात." तेव्हा तिनेच त्रिशरण म्हटले, स्वच्छ, न अडखळता. पाली माझ्या कानाला संस्कृतची धाकटी बहीण वाटते. मी हात जोडून ऐकले. ज्या वास्तूसाठी एवढ्या एकाग्रतेने प्रार्थना झाली आहे ती वास्तू कच्ची म्हणायची तरी कशी, असा विचार त्या वेळी माझ्या मनात आला होता. दुधाचा एक थेंब बाईंनी हिरव्या दाराच्या उंबऱ्याला लावला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते. ते एके काळी माझे विद्यार्थी. अजूनही भेटले की वाकून नमस्कार करतात. त्यांनी मोबाइलवर छायाचित्र काढले आणि म्हणाले, "छान ॲक्टिव्हिटी आहे, बाई."

पुढच्या वर्षी स्वच्छ आणि पर्यावरणपूरक शाळांची एक स्पर्धा आली. टाकाऊ वस्तूंचा उपयोग या सदराला त्यात मोठे महत्त्व होते. मुख्याध्यापकांनी सारे नगर पटांगणात मांडायला लावले. मुलांनी टकटक करून, सूचना देऊन, एकेक घर खाली आणले. ड्रोनवाला तरुण आला. ते यंत्र गुणगुणत वर चढले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"खालून घे की रे," बाई त्याला म्हणाल्या.

"खालनं काय दिसतंय बाई?"

"दारं दिसतात."

"दारं काय करायची? वरनं फुल व्ह्यू येतो," असे म्हणून त्याने वरूनच घेतले.

नगर पुन्हा वर गेले. त्यानंतर मुख्याध्यापक खोलीत आले. मी होतो, बाई होत्या. परीक्षण समिती प्रत्यक्ष पाहणीस येणार आहे, तोवर या खोलीत ई-लर्निंगचा पडदा बसला पाहिजे, धूळ चालत नाही, असे त्यांनी सांगितले. बाईंनी विचारले, "मग हे?"

"फोटो आहेत ना बाई फायलीत, ड्रोनचे."

"फोटोत कोण राहतं?"

मी मध्ये पडलो. मी म्हणालो, ज्या वस्तूंच्या बळावर तुम्ही स्पर्धेत उतरता त्याच नको कशा? मुख्याध्यापकांनी माझ्या पायांना हात लावला. "सर, तुमच्यासमोर शब्द देतो. एकाही घराला धक्का लागणार नाही. खालच्या मजल्यावर नवी खोली काढतोय, तिथे नेऊ."

शब्द इतक्या नम्रतेने दिलेला होता की बाईंनीही मान डोलावली.

त्याच आठवड्यात बाईंना प्रशिक्षणासाठी अकलूजला पाठवले गेले. त्या नसताना शाळेत श्रमदान झाले. मला हे कळले ते शिपाई मल्लप्पाकडून, माझ्या वर्गाच्या दिवशी, जिन्याच्या पायरीवर. त्याच्या हातात झाडू होता आणि तो वर पाहत नव्हता.

"सर, हेडसर म्हणाले, नवीन खोलीत न्यायचंय, पोरास्नी रांगेत उभं करा. पोरं खूश. टकटक, टकटक, लई आवाज हो सर वरच्या मजल्यावर. हलवायचंय, धरून बसा, असं म्हणत होती एकेक. दोन्ही हातावर धरून खाली आली. गेटला घंटागाडी होती. त्या गाण्याच्या आवाजात पोरास्नी काय कळंना. गाडीवाला ओरडतोय, टाका की लवकर, सुका कचरा हिकडं. लहान पोरं थांबली. मग सरांनी मोठी पोरं पुढं केली. टाकली."

"आणि प्रज्ञा?"

मल्लप्पाने झाडू भिंतीला टेकवला. "ती शेवटी आली. हेडसरास्नी विचारलं, नवीन जागा कुटं हाय? सरांनी गाडीकडं हात केला. ती काय रडली न्हाई सर. मला वाटलं रडंल. तिनं दारावर वाजवलं. मग स्वतःच ठेवलं गाडीत. टाकलं न्हाई, ठेवलं. दार रस्त्याकडं करून."

नवी जागा हे शब्द त्या मुलीने पूर्वी एकदा ऐकलेले होते. ते कसे पाळले जातात याचे शिक्षण तिला आधीच मिळालेले होते. शाळेने केवळ उजळणी घेतली.

बाई परतल्या. खोलीत गेल्या. पडदा बसलेला होता, फरशी फिनाइलने धुतलेली होती. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, मुख्याध्यापकांपाशी गेल्या नाहीत. खाली उतरल्या, रिक्षा केली आणि थेट कचरा डेपोवर गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या पाय धूत होत्या.

"सुका कचरा तिथं यंत्रात दाबतात, सर," त्या म्हणाल्या. "चौकोनी गठ्ठे करतात. लई व्यवस्थित. दारं कुठली ओळखायची त्यात."

मी त्यांना धीर देण्यासारखे काहीतरी बोललो असेन. त्यांनी मला थांबवले. "माल तिथूनच आला होता, तिथं गेला. त्याचं काय न्हाई. पण मी तिला सांगितलं होतं की, सर. माझी जागा हाय म्हणून. माझी कुठं होती?"

शाळेला पहिले पारितोषिक मिळाले. समारंभात बाईंना शाल आणि नारळ देण्यात आला, आणि सन्मानचिन्ह म्हणून पारदर्शक प्लास्टिकमध्ये कोरलेली शाळेची छोटी इमारत. निवेदिकेने बाईंना मनोगताची विनंती केली. बाईंनी ती इमारत ध्वनिक्षेपकापाशी धरली आणि वाकवलेल्या बोटाने तिच्यावर टकटक केली. तो आवाज सभागृहभर घुमला. बाई थांबल्या. खरोखर उत्तराची वाट पाहिल्यासारख्या थांबल्या. मागे बसलेली आमची मुले कान देऊन पुढे वाकली होती.

"आत कोण न्हाई," बाई म्हणाल्या, आणि ते चिन्ह टेबलावर ठेवून पायऱ्या उतरल्या. मान्यवर हसले. बाईंनी विनोद केला असे समजून टाळ्याही पडल्या, पुष्कळ पडल्या. प्रज्ञा त्या समारंभाला नव्हती. श्रमदानाच्या दुसऱ्या दिवसापासून तिने शाळेत येणे सोडले होते. लांब पडते, असे तिच्या वडिलांनी कार्यालयात सांगितले आणि कार्यालयाने ते मान्य केले.

बाई त्यानंतर लवकरच निवृत्त झाल्या. त्यांच्या घरी मी गेलो की उंबऱ्यापाशी खोकी रचलेली असत, पण त्यांनी नंतर काही केले नाही. शेजारची मुले पुठ्ठा घेऊन येत. बाई त्यांना खळ शिजवून देत आणि आत जाऊन बसत. मात्र दर रविवारी त्या कोठेतरी जात. कोठे, हे मला कार्तिकातल्या एका रविवारी कळले, कारण त्या दिवशी त्यांच्या गुडघ्याने सोबत मागितली.

सिटी बस वळते तेथे उतरून आम्ही माळावरून चाललो. एका साच्यातून काढलेल्या खोल्यांच्या रांगा होत्या. साऱ्यांना एकच राखी रंग, एकसारखी पत्र्याची दारे. झाड कोठे नव्हते. बाई न विचारता एका दारापाशी जाऊन थांबल्या. बाहेर मुलीच्या चपला होत्या. बाजूच्या ओट्यावर शेजारीण विड्या वळीत होती.

"हाय की पोरगी घरात," शेजारीण म्हणाली. "आईबाप कामाला गेल्यात. बाई, दर ऐतवारी येताय तुमी एवढ्या लांबनं. ती काय बोलत न्हाई."

"मला ठाऊक हाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी पत्र्याच्या दारावर टकटक केली. तशीच, हलकी, वाकवलेल्या बोटाने, जणू ते पुठ्ठ्याचेच आहे.

"कोण हाय आत?"

आत भांडे घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"जेवलीस का?"

शेजारणीने सूप मांडीवरून खाली ठेवले आणि मान फिरवली. आम्ही बराच वेळ उभे होतो. उन्हाने पत्रा तापला होता. आत कोणीतरी दाराच्या अगदी जवळ उभे असावे असे मला वाटले, कारण खालच्या फटीतला उजेड तेवढ्या जागी अडला होता. ते बाईंनाही दिसले असणारच.

शेवटी मी म्हणालो, "बाई, बस निघेल. यानंतर दोन तास नाही."

"तुम्ही जावा, सर. तुमचं संध्येचं राहील."

मी त्यांना आग्रह केला. त्यांनी नुसता हात हलवला, दाराशेजारी खाली बसल्या, पाय लांब केले आणि भिंतीला पाठ लावली. मग भिंगे काढून पदरात ठेवली व डोळे मिटले.

बसमध्ये मी खिडकीशी बसलो. पुढे माझे दुखणे आले, बाईंचे आले, आणि आमची भेट झाली नाही. बाई आत्ता आषाढात गेल्या. त्या रविवारी गाडी माळाला वळसा घालून निघाली तेव्हा त्या रांगा एकदा पूर्ण दिसल्या. सगळी दारे सारखी, सगळी बंद. एका दाराशी ठेंगणी आकृती भिंतीला पाठ लावून बसली होती, तेवढ्यावरून ते दार ओळखू येत होते.